झोपलेल्या अध्यक्षांची सभा

बुधवार, १२ फेब्रुवारी. स्थळ: आयसीयूबाहेरचं प्रतीक्षालय, जबलपूर.
हजर: श्री. विनायक (सचिव), सौ. रश्मी (कन्या), श्री. राजेश (जावई), सौ. शुभदा (भाची, सांगलीहून).
गैरहजर: श्री. दिगंबर (अध्यक्ष). आत झोपलेले.
चहापाणी: सौ. वसुधा.

वरचा मजकूर माझा नाही. माझ्या धाकट्या मामानं, विनूमामानं, मी रिक्षातून उतरून बॅग खाली ठेवायच्या आत तो लिहून काढला. "तू आली म्हणून कोरम पूर्ण झाला गं," असं म्हणून त्यानं पेनाला टोपण लावलं. मग कुठं प्रवास कसा झाला ते विचारलं.

मी सांगलीत ज्येष्ठ नागरिकांच्या सहली काढते. त्यामुळे परत आल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, "जबलपूर कसं आहे? भेडाघाट पाहिला का?" म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहिते. भेडाघाट मी पाहिला नाही. नर्मदेवरचा ग्वारीघाट पाहिला, एका संध्याकाळपुरता. बाकी सगळा मुक्काम एका प्रतीक्षालयात गेला, आणि त्या स्थळाची मात्र मी पक्की माहिती देऊ शकते. दाराजवळची खुर्ची डुगडुगते. पंख्याखालची जागा सकाळी लवकर पोचलं तरच मिळते. मोबाइल चार्ज करायला एकच बोर्ड चालू आहे, आणि त्याच्याखाली कटनीचे एक पटेलजी कायम बसलेले असतात. त्यांचा भाऊ आत, आमच्या मामांच्या शेजारच्या पलंगावर होता.

आता मामांबद्दल. दिगंबरमामा संरक्षण खात्याच्या कारखान्यातून निवृत्त झाले. दीक्षितपुऱ्यात राहतात आणि तिथल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष आहेत. किती वर्षं, ते विचारायचं नसतं. मंडळ जसं चालवलं तसंच त्यांनी घर चालवलं. त्यांच्याकडे फ्रिज आला तो ठरावानं. रश्मीचं लग्न ठरलं तेव्हा नवरामुलगा बाहेरच्या खोलीत पोहे खात बसला होता आणि आत सूचक, अनुमोदक ठरत होते. घराचे नियम मामांनी स्वतःच्या हातानं लिहून भिंतीवर लावलेत. त्यातला पहिला असा: अध्यक्षांच्या मंजुरीशिवाय कोणताही महत्त्वाचा निर्णय अमलात येणार नाही.

आमच्याकडे सांगलीत घरातला मोठा माणूस ओरडतो आणि काम होतं. तिकडे कुणी ओरडत नाही. तिकडे इतिवृत्त लिहितात.

मामांना लघवीचा जंतुसंसर्ग झाला होता. थंडी वाजून ताप येत होता, पण मंडळाची वार्षिक सभा तोंडावर होती, म्हणून त्यांनी डॉक्टरला दाखवणं 'सभेनंतर' या सदरात टाकलं. सभा व्यवस्थित पार पडली. आभारप्रदर्शन चालू असताना ते खुर्चीतून खाली घसरले. त्यांना सेप्सिस झाला होता.

बुधवार, दुपार: दूध आणि अंडं

आयसीयूच्या डॉक्टर शुक्ला मॅडम वयानं रश्मीपेक्षाही लहान होत्या. त्या आम्हाला एका कोपऱ्यात घेऊन गेल्या आणि हिंदीतून नीट समजावून सांगू लागल्या. मला समजलं ते असं. जंतू आत शिरले की शरीर त्यांच्याशी लढतं, आणि त्या लढाईत दाह होतो. तो प्रमाणात असेल तर माणूस बरा होतो. सेप्सिसमध्ये तो आवरत नाही, आणि शरीर स्वतःचंच नुकसान करायला लागतं. मूत्रपिंड, फुप्फुसं, रक्तदाब, सगळं त्यात सापडतं. जंतूंवर औषध चालू होतं. श्वासासाठी नळी घालावी लागली होती. नळी सहन व्हावी म्हणून झोपेचं औषध चालू होतं.

"अंकल सो रहे हैं, पर ये अपनी नींद नहीं है," मॅडम म्हणाल्या.

मग त्यांनी मुद्द्याला हात घातला. त्यांच्याकडे एक संशोधन चालू होतं. झोपेची काही औषधं नुसती झोपवत नाहीत, तर दाहही थोडा शांत करतात, असं प्रयोगशाळेत दिसतं. माणसांमध्ये कोणतं औषध खरंच बरं पडतं हे अजून ठामपणे कुणाला सांगता येत नाही. म्हणून दोन औषधं घेतली होती. दोन्ही एरवीही वापरात असलेलीच. एक दुधासारखं पांढरं, दुसरं पाण्यासारखं. कुणाला कोणतं द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरायचं, आणि दाह किती वाढला, किती उतरला, हे पाहायला थोडं जास्तीचं रक्त घेतलं जायचं. घरच्यांनी हो म्हटलं तर ठीक, नाही म्हटलं तरी नेहमीचे उपचार चालूच राहणार होते. फक्त काय ते दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत सांगायचं होतं. नंतर मामांचा त्या अभ्यासाला उपयोग नव्हता.

"सही पत्नी करेंगी," मॅडम म्हणाल्या. त्यांनी वसुधामामींकडे पाहिलं. मामी थर्मासमधून कपात चहा ओतत होत्या.

"चलो, सभा घेऊ," विनूमामा म्हणाला.

सभेला सुरुवात झाली. मी सांगलीहून भडंग नेलं होतं, तो डबा मध्ये ठेवला. विषयपत्रिकेवर एकच विषय होता.

राजेशराव, म्हणजे जावई, यांचं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं घरात तज्ज्ञाचं धरलं जातं. त्यांनी मोबाइलवर त्या पांढऱ्या औषधाची माहिती काढली, चष्मा वर केला आणि हळूच म्हणाले, "विनूकाका, इसमें अंडा है."

सगळे चावायचे थांबले.

"म्हंजे?" विनूमामा.

"सोयाबीनचं तेल आणि अंड्यातली चरबी. त्याच्यामुळंच पांढरं दिसून राहिलं."

दिगंबरमामा कट्टर शाकाहारी. ज्या केकवर 'बिनअंड्याचा' लिहिलेलं नाही तो ते खोलीतसुद्धा ठेवू देत नाहीत. विनूमामानं उभं राहून हरकत नोंदवली. ती नोंदवून घ्यायलाही तोच होता, म्हणून त्याला परत खाली बसावं लागलं.

"शिरेतून देणार आहेत, मामा. खायला नाही देत," मी म्हटलं.

"शुभा, पोटात जाण्यापेक्षा रक्तात जाणं जास्त नाही का?"

मी भडंगाचा डबा त्याच्यापुढं सरकवला.

रश्मी शाळेत शिकवते. तिला मराठी सगळं कळतं, बोलताना मात्र अर्ध्यात गाडी हिंदीच्या रुळावर जाते. ती म्हणाली, "अरे, पण दुसरं पण तर आहे ना. मॅडमनी सांगितलं, उसमें आदमी आवाज़ दो तो जाग जाता है."

हे खरं होतं. पाण्यासारख्या औषधाची झोप हलकी असते, हाक मारली तर माणूस डोळे उघडू शकतो, असं मॅडमनी सांगितलं होतं. त्यानं नाडी मंदावू शकते, हेही सांगितलं होतं, पण ते विनूमामापर्यंत पोचलं नाही.

"मग झालं तं!" तो म्हणाला. "दुसरंच द्यायचं. अध्यक्षांना हाक मारता येते, मंजुरी घेता येते. पांढऱ्यात सभाच चालू शकत नाही."

"काका, आपल्याला निवडता नाही येत. चिठ्ठी निघते. कम्प्यूटर निकालता है."

"मग चिठ्ठी आपण काढू. भिशीची काढतो तशी."

इथं पटेलजींनी चार्जर काढून ठेवला आणि खुर्ची ओढून जवळ आले. त्यांना मराठी येत नव्हती, पण विषय बरोबर कळला होता. दोन्ही औषधं अर्धी अर्धी द्यावी, असं त्यांनी सुचवलं. विनूमामानं त्यांना निरीक्षक म्हणून नोंदवलं आणि भडंग दिलं.

त्यावर एक मूलभूत अडचण निघाली. निर्णय महत्त्वाचा होता. महत्त्वाच्या निर्णयाला अध्यक्षांची मंजुरी लागते. अध्यक्ष झोपलेले. म्हणजे त्यांना कोणत्या औषधानं झोपवायचं हे ठरवायला आधी त्यांना उठवणं भाग होतं. हे विनूमामानं अगदी गंभीरपणे मांडलं आणि रश्मी, राजेशराव दोघांनी तितक्याच गंभीरपणे माना हलवल्या. सहलीला निघालेल्या पन्नास माणसांना मी वेळेवर बसमध्ये बसवते, पण इथं माझी मानही आपोआप हलली, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

मामींनी रिकामे कप गोळा केले. त्यांना कुणी काही विचारलं नव्हतं.

बुधवार, संध्याकाळ: ग्वारीघाट

आयसीयूत एका वेळी एकालाच सोडत. दाराशी पायात घालायच्या निळ्या पिशव्या आणि डोक्यावरच्या निळ्या टोप्या एकाच खोक्यात ठेवलेल्या. विनूमामा पायाची पिशवी डोक्यावर घालून आत गेला. आतल्या सिस्टरनं त्याला काही म्हटलं नाही. पेशंटशी बोलत राहा, एवढंच ती सगळ्यांना सांगायची. "बोलते रहिए. कुछ कुछ सुनते हैं."

काय बोलायचं हा प्रश्न विनूमामाला पडला नाही. त्यानं खिशातून मागच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त काढलं आणि मामांच्या कानाशी वाकून वाचायला घेतलं. काचेतून मला दिसत होतं. डोक्यावर निळी पिशवी, हातात कागद, आणि पलंगावर दिगंबरमामा, सुजलेले, नळ्यांमध्ये, पहिल्यांदाच कुठलीही दुरुस्ती न सुचवता ऐकणारे.

संध्याकाळी मामी म्हणाल्या, "शुभा, मला घाटावर ने."

विनूमामा म्हणाला, "वहिनी, सभा तहकूब नाही झाली अजून."

"तुम्ही करून राहिले ना? करा," असं म्हणून मामींनी चपला घातल्या.

ग्वारीघाटावर आमच्या कृष्णाकाठासारखा निवांतपणा नाही. फुलंवाले, पूजेचं सामान विकणारे, पुजारी, नावाडी, सगळे एकदम तुमच्यावर येतात. पानाच्या द्रोणात फुलं आणि वात घालून दिवा सोडायचा असतो. मामींनी दिवा घेतला, पण काठावरून सोडेनात. म्हणाल्या, "नावेत बसू."

नावाडी म्हणाला, "आओ अम्मा, सँभल के." मामींनी एक पाय नावेत टाकला, नाव हलली, मी त्यांचा दंड धरला आणि माझी पर्स पाण्यात गेली. नावाड्यानं ती वल्ह्यानं ओढून काढली. सहलीला जाणाऱ्यांसाठी सूचना: पर्स गळ्यात अडकवा.

पाण्यात थोडं आत गेल्यावर मामी म्हणाल्या, "एवढी वर्षं इथं राहून राहिली मी. नावेत कधी बसलीच नाही."

"काय सांगता, मामी?"

"यांना म्हटलं की म्हणायचे, ही सभा होऊ दे."

त्यांनी दिवा पाण्यावर ठेवला. तो थोडा पुढं गेला आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दिव्यांत मिसळला, मग आमचा कोणता ते कळेना. मामी तिकडंच बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "आत त्यांना भीती वाटत असंल का गं? माणूस झोपला की स्वप्न पडते. आणि उठता येत नसंल तं?"

मी नावाड्याला नाव वळवायला सांगितलं. काठावर आल्यावर आम्ही मुगाचे मंगोडे खाल्ले, हिरव्या चटणीबरोबर. ते उत्तम होते. आपल्याकडच्या मूगभज्यांपेक्षा हलके.

परत आल्यावर मामी आत गेल्या. काचेतून पाहिलं तर त्या मामांच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होत्या, आणि सांगताना हातानं पाण्यावरच्या नावेसारखं हलवून दाखवत होत्या. मामांचे डोळे मिटलेले होते, पण दाखवणं चालू होतं.

गुरुवार, सकाळ: मतदान

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला पोहे आणि जिलबी. इकडे पोह्यांवर शेव असते आणि जिलबी पोह्यांबरोबरच खातात, नंतर नाही. पहिल्या घासाला विचित्र वाटतं, तिसऱ्याला आपणच मागवतो. खव्याची जिलबी काळपट असते, दिसायला वाईट आणि खायला फार चांगली.

पोहे खाताखाताच विनूमामानं बातमी आणली. "मॅडम म्हणाल्या, रोज सकाळी थोडा वेळ औषध कमी करतात. पेशंट जागा होतो का, हाकेला ओ देतो का, पाहतात. आज पण पाहणार. म्हंजे अध्यक्ष येणार!"

मॅडमनी पुढं असंही सांगितलं होतं की तेवढ्यानं माणूस भानावर येतोच असं नाही, आणि निर्णय तर मुळीच घेऊ शकत नाही. पण विनूमामा तोवर निघून आला होता.

सगळे काचेशी उभे राहिले. राजेशरावांनी दुकान बंद ठेवलं होतं. पटेलजीही आले. विनूमामानं एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: "पांढरं की पाणी?" आणि तो पुठ्ठा काचेला टेकवून धरला.

आत औषधाचा पंप थांबवलेला होता. बराच वेळ काही झालं नाही. मग मामांच्या पापण्या हलल्या. सिस्टर वाकून म्हणाली, "अंकल! अंकल, आँखें खोलो." मामांनी डोळे उघडले. आणि उजवा हात वर केला.

"मंजूर!" विनूमामा ओरडला.

"कुठलं मंजूर?" मी म्हटलं. "प्रश्नाला दोन बाजू आहेत. हात एक आहे."

"नाही, ते थांबा म्हणून राहिले," राजेशराव म्हणाले. "पापाजी असाच हात करतात, कुणी विषय सोडून बोललं की."

"पानी माँग रहे हैं," पटेलजी म्हणाले.

"मतलब दूसरी वाली?" रश्मी म्हणाली, आणि विनूमामा लिहायला वाकला.

मामांचा हात नळीकडे गेला. सिस्टरनं तो पकडला. मग दुसरा हात आला. यंत्रं वाजायला लागली, आणखी दोघं धावत आले, त्यांनी मामांचे हात धरून ठेवले. मामांनी मान इकडून तिकडे केली. त्यांचे डोळे काचेकडे वळले, आमच्यावरून फिरले, पण कुणावर थांबले नाहीत. त्या डोळ्यांत अध्यक्ष नव्हते. जत्रेत हरवलेलं मूल असावं तसं काहीतरी होतं. पंप परत चालू झाला आणि डोळे मिटले.

विनूमामाच्या हातातला पुठ्ठा अजून काचेलाच होता. तो मी काढून घेतला.

शुक्ला मॅडम बाहेर आल्या. मामी त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्या प्रतीक्षालयात मी मामींचे हात पहिल्यांदाच रिकामे पाहत होते. कप नाही, थर्मास नाही.

"बेटा, एक बात बताओ. दोन्हीपैकी कशात भीती कमी वाटते?"

मॅडमना तेवढं मराठी कळायचं. त्यांनी घाई केली नाही. म्हणाल्या, "आंटीजी, सच बोलूँ? पक्का नहीं मालूम. इसी तरह की बातें तो ढूँढ रहे हैं."

"दाह कोणत्यानं कमी होते, तेही नाही माहीत?"

"पक्का नहीं."

"अच्छा." मामींनी हात पुढं केला. "कुठं सही करायची?"

"वहिनी!" विनूमामा पुढं आला. "सभा चालू आहे! ठराव नाही झाला! आणि अंड्याचा मुद्दा—"

मामी वळल्या. "भाऊजी, तुमचे भाऊ सारी नोकरी कँटीनमध्ये ऑम्लेट खात राहिले. शर्टाला वास यायचा. मी काहून बोलली नाही? कारण त्यांना वाटायचं मला कळत नाही, आणि त्यातच ते खूश होते."

पटेलजींना भाषा कळली नाही, पण 'ऑम्लेट' कळलं. त्यांनी खाली पाहिलं.

"त्या पोरीला माहीत नाही, तं ती शोधून तरी राहिली," मामी म्हणाल्या. "तुम्हाला पण माहीत नाही, आणि तुम्ही मतदान घेऊन राहिले."

त्यांनी सही केली, पण लगेच नाही. मॅडमनी वाचून समजावलेलं सगळं त्यांनी ऐकलं, दोन प्रश्न विचारले, एक रक्त किती काढणार आणि दुसरा, आम्ही नंतर नाही म्हटलं तर चालेल का. दोन्हींची उत्तरं बरोबर मिळाल्यावर त्यांनी पेन परत दिलं. मग चहा आणायला गेल्या.

कम्प्यूटरनं चिठ्ठी काढली. पांढरं निघालं. विनूमामा थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसला.

शुक्रवार ते मंगळवार

हे दिवस मी गाळणार आहे, कारण त्यात वाट पाहण्याशिवाय काही नव्हतं. रक्तदाबाचा आकडा चांगला आला की आम्ही जेवायचो, वाईट आला की जेवण पुढं ढकलायचो. शुक्रवारी लघवी कमी झाली, तेव्हा कुणीच जेवलं नाही. मामी रोज आत जाऊन नावेचं सांगायच्या. विनूमामा रोज इतिवृत्त वाचायचा. वार्षिक सभेचं संपल्यावर त्यानं जुनी काढली. पटेलजींचा भाऊ रविवारी वॉर्डात गेला. जाताना पटेलजी आमच्यासाठी चार्जरची जागा सोडून गेले आणि विनूमामाला म्हणाले, "मीटिंग बढ़िया थी."

सोमवारी मॅडम हसत बाहेर आल्या. दाह उतरत होता, मूत्रपिंड काम करायला लागलं होतं.

"पांढऱ्यानं झालं?" विनूमामानं पेन काढून विचारलं.

मॅडम म्हणाल्या की एका माणसावरून असं काही सांगता येत नाही, जंतूंवरचं औषध लागू पडलं हे नक्की, बाकीचं पुष्कळ पेशंट झाल्यावर कळेल. विनूमामानं लिहिलं: "ठराव यशस्वी." कोणता ठराव, ते त्यानं लिहिलं नाही.

मंगळवारी नळी काढली. मामा जागे झाले, पण पूर्ण आले नव्हते. सिस्टरला ते "बसून बोला" म्हणायचे. सलाइनच्या खांबाला त्यांनी तोंडानंच वेळ संपल्याची घंटा दिली. असं काही दिवस होतं, उतरेल, असं मॅडमनी सांगितलं. मामी त्यांच्या हातावर हात ठेवून बसल्या. मामा त्यांच्याकडे पुष्कळ वेळ बघत राहिले आणि मग म्हणाले, "आली का तू काठाला?"

शनिवार: वॉर्ड

माझी गाडी संध्याकाळची होती. वॉर्डात खिडकीजवळचा पलंग मिळाला होता आणि मामा उशीला टेकून बसले होते. दाढी वाढलेली, आवाज बसलेला, पण नजर परत आली होती. त्यांनी पहिली गोष्ट मागितली ती इतिवृत्त.

विनूमामानं दिलं. मामांनी वाचलं. अंड्याच्या मुद्द्यावर थांबले, मामींकडे बघितलं नाही, आणि पान उलटलं. मग म्हणाले, "हे सगळं ठीक आहे. पण दुसऱ्या सभेचं कुठंय?"

"कोणती दुसरी?" विनूमामा.

"नावेतली."

विनूमामानं पानं उलटून पाहिली.

"नर्मदेत झाली ना सभा," मामा म्हणाले, जणू आम्हीच विसरलो होतो. "लांबलचक झाली. मी अध्यक्ष होतो. विन्या, तू वाचून दाखवत होता, थांबतच नव्हता. डोक्यावर काहीतरी निळं घातलेलं. शुभा, लिही. स्थळ: नाव. हजर..."

मी वही काढली. मामा डोळे मिटून सांगत गेले. त्यांचे वडील हजर होते, ते पंचवीस वर्षांपूर्वी गेले. कारखान्यातला एक फोरमन होता. एक बकरी होती, तिला मत नव्हतं. कुणीतरी सारखं "अंकल, अंकल" म्हणून हाक मारत होतं, ते कोण ते दिसलं नाही, पण त्यांनाही हजर धरायचं.

"आणि सगळ्यात वर लिही," ते म्हणाले, "वसुधा."

मी वर जागा सोडली नव्हती. बारीक अक्षरांत कडेला लिहिलं.

"ती कशाला आली होती?" विनूमामानं विचारलं.

"म्हंजे काय? तीच नाव चालवत होती. पाणी केवढं होतं. मला उतरता येत नव्हतं, आणि ती सांगून राहिली होती की आता घाट आला, आता आला." मामांनी डोळे उघडले. "लिहिलं?"

"लिहिलं."

"वसुधा, नाव चालवायला. पूर्ण लिही."

मामी खिडकीपाशी सफरचंद कापत होत्या. सुरी थांबली, मग परत चालू झाली.

"आता ठराव," विनूमामानं घसा साफ केला. "काय ठराव झाला, दादा?"

मामांनी कपाळाला आठ्या घातल्या. ओठ हलले. "एकमतानं झाला," ते म्हणाले. "टाळ्या पण झाल्या." मग त्यांनी चादरीवर बोटानं काहीतरी गिरवलं. "काय झाला ते आठवून नाही राहिलं."

"महत्त्वाचा होता?"

"फार महत्त्वाचा."

"मग मम्मीजींना विचारू," रश्मीचे राजेशराव म्हणाले, आणि सगळे मामींकडे वळले. मामांनीही वळून पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला खरोखरची उत्सुकता दिसली.

मामींनी सफरचंदाची फोड मामांच्या हातात ठेवली. "मी नाव चालवून राहिली होती," त्या म्हणाल्या. "मागं तुमचं काय ठरून राहिलं, ते मला कुठं ऐकू येणार?"

मामांनी फोड खाल्ली. मग मला म्हणाले, "जागा सोड. आठवलं की भरू. पण पुढच्या वार्षिक सभेआधी पाहिजे. अपूर्ण इतिवृत्तावर मी सही करत नाही."

मी सांगलीला पोचले. ओली झालेली पर्स वाळली. भेडाघाटाची सहल मी पावसाळ्यानंतरची ठरवली आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं द्यावीत. मामा आता घरात काठी घेऊन चालतात आणि फोनवर दर रविवारी विचारतात, "शुभा, ती वही नीट आहे ना?" वही नीट आहे. हजेरी पूर्ण आहे. तिच्याखाली 'ठराव क्रमांक १' असं लिहून पुढं अर्धं पान कोरं सोडलं आहे. ते भरायचं राहिलं आहे.